शून्य कुठून मोजायचं

४ जानेवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे तसंच बाजूला ठेवलं असशील, तर तुझं काही चुकलं नाही. तीन वर्षांत मी एक ओळ लिहिली नाही, आणि आता एकदम पानंच्या पानं. पण करणार काय? समोर बसून बोलायचं तर तू समुद्रापलीकडे. व्हिडिओवर बोलायचं तर आपल्याकडचं इंटरनेट पाहुण्यासारखं, येतं, टेकतं आणि निघून जातं. शेजारच्या काकू मुलाशी बोलायला गच्चीत पाण्याच्या टाकीला धरून उभ्या राहतात. चित्र मध्येच थांबतं, मुलगा तोंड उघडं ठेवून तसाच राहतो, आणि काकू त्या उघड्या तोंडाला "जेवलास का रे?" विचारत बसतात.

तुझा नंबर मला काकूंनीच दिला. तू देऊ नका म्हणाली होतीस ना, म्हणून लगेच दिला. मला तो पाठ झालाय. लावला मात्र नाही.

मी अजून त्याच टेबलावर आहे. रस्ते खात्याचं ऑफिस, जिन्याखालची खिडकी. आलेली फाइल उघडायची, अर्ज आणि नकाशा जुळतो का पाहायचं. जुळला तर वर पाठवायची, नाही तर शेरा मारून परत. एकतीस वर्षं हेच केलं. जूनमध्ये निवृत्ती आहे. साहेबांनी आत्तापासूनच माझ्या खुर्चीकडे बघून कोण बसवायचं याचा विचार सुरू केलाय.

लिहायला बसलो त्याचं कारण सांगतो. राजधानीतून आयोग येतोय. रस्त्यांवर माणसं का मरतात आणि अर्ध्या देशात इंटरनेट का पोहोचत नाही, हे दोन्ही प्रश्न एकाच आयोगाकडे दिलेत. ऑफिसात सगळे पोट धरून हसले. म्हणे, उद्या हाच आयोग शाळेची घंटाही वाजवेल. मला हसू आलं नाही. मला वाटलं, वर कोणीतरी आपल्या वळणावर जाऊन आलेलं दिसतंय.

जाताना तू दारात उभी राहून मला एकच विचारलं होतंस. "दादा, तुला माहीत होतं?" मी नाही म्हणालो होतो. तू पोरीचा हात धरून निघून गेलीस.

दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या मी रंग देताना सोडून बाकी चौकट रंगवली. रंगारी म्हणाला, घाण दिसतं. मी त्याला म्हणालो, तुला काय करायचंय, ब्रश चालव.

दादा


२२ जानेवारी

धाकटे,

काल वळणावर जाऊन आलो. बसने गेलो आणि तिथेच उतरलो. कंडक्टर म्हणाला, "इथे कोण उतरतं? इथे काहीच नाहीये." खरं आहे, काहीच नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार, आणि कठडा नाही. कडेचा चर आता मातीने भरून आलाय, पण मधेमधे खचलाय. पावलं जपून टाकावी लागतात.

मला मास्तरांचे शनिवार आठवले. तुझ्या नवऱ्याला मी त्याच्या तोंडावरही मास्तर म्हणायचो आणि मागेही. त्याच्या शाळेत इंटरनेट नव्हतं, म्हणून आठवड्याची हजेरी, परीक्षेचे अर्ज, सगळं एका बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर घेऊन तो स्कूटरवरून सतरा किलोमीटर शहरात यायचा. आपल्याकडे चहा प्यायचा. मग भाचीला चौकटीला उभं करायचा. तो तिला उंबरठ्यावर उभं करून मोजायचा आणि मी म्हणायचो, मास्तर, ही फसवणूक आहे, जमिनीपासून मोजा. तो म्हणायचा, पोरीला उंच वाटलं तर तुमच्या खात्याचं काय बिघडतं? दर शनिवारी हेच भांडण व्हायचं. आता मला शनिवार नकोसा होतो. खरं सांगू, बाकीचे सहा दिवसही फार बरे जातात असं नाही.

ज्या संध्याकाळी तो परतला नाही, त्या संध्याकाळचं तुला जेवढं माहीत आहे तेवढंच मी इथे लिहितो. चरात पुढचं चाक गेलं. दूधवाला सायकलवरून येत होता, त्याने स्कूटरचा दिवा उताराखाली जळताना पाहिला. मास्तर शुद्धीवर होता. त्याच्या हातात मोबाइल होता आणि रेंज नव्हती. दूधवाला डोंगर चढून गेला, रेंज येईपर्यंत वीस मिनिटं चढत राहिला, तेव्हा कुठे अँब्युलन्सला फोन लागला. डॉक्टर तुला म्हणाले होते, अर्धा तास आधी आणलं असतं तर.

यातलं काही खोटं नाही. पण एक गोष्ट यात नाही, आणि ती नाही हे मला लिहिताना कळत होतं.

दादा


९ फेब्रुवारी

काकू म्हणाल्या, पत्रं तुला मिळालीत. तुझ्या शिवणकामाच्या दुकानात, मशीनच्या खणात आहेत. उघडलीस का, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ते मी कसं विचारणार? मला काय चोंबडेपणा करायचाय?" काकूंनी हे म्हणावं! मला क्षणभर चक्कर आली.

खणात आहेत, म्हणजे रद्दीत नाहीत. एवढ्यावर मी दोन दिवस काढले. मग मला रागही आला. तू लहानपणापासून अशीच आहेस. रुसलीस की रुसलीस, घरातल्या सगळ्यांनी तुझ्यापुढे नाक घासावं. एकदा माझ्या हातून तुझी पाटी फुटली, तर आठवडाभर माझ्याशी खुणांनी बोललीस. पण निदान खुणांनी तरी बोलायचीस.

मला तुझी फार आठवण येते. हे एवढं लिहायला मला पाच कागद लागले.

दादा


१ मार्च

धाकटे,

परवा साहेबांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे केली. तेव्हाच समजलो, पाणी मुरतंय. म्हणाले, "आयोग वळणाबद्दल विचारणार आहे. आपल्याकडे फाइल आलीच नव्हती, असं सांगायचं. तुमचं रजिस्टर पावसात भिजलं होतं ना?" मी म्हणालो, भिजलं नव्हतं. ते म्हणाले, "आठवून बघा." मग म्हणाले, "तुमच्याच भल्यासाठी सांगतोय हो. सही तुमची आहे."

सही माझी आहे. आता नीट बसून वाच, मी सगळं सांगतो.

आपल्या रस्त्यावर दोन प्रकारचे आकडे आहेत. आमच्या खात्याचे पांढरे दगड शहरातल्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून मोजलेले. मनोरा म्हणजे आमचं शून्य. केबलवाल्यांनी चर खणताना पिवळे खांब रोवले, ते त्यांच्या केंद्रापासून मोजलेले, कारण त्यांची केबल तिथून निघते. त्यांचं केंद्र मनोऱ्यापासून तीन किलोमीटर पुढे आहे. म्हणून ते वळण आमच्या दगडावर चौदा आणि त्यांच्या खांबावर अकरा. जागा एकच.

केबलवाल्यांची फाइल आली, त्यात दोन मागण्या होत्या. वळणावर कठड्याचे खांब कुठे बसणार ते सांगा, म्हणजे आम्ही केबल टाकून चर बुजवतो. आणि वळणाच्या डोक्यावर टॉवरला जागा द्या, म्हणजे पुढच्या गावांना, शाळेला इंटरनेट जाईल आणि मधल्या पट्ट्यात रेंज येईल. अर्जात लिहिलं होतं अकरा. आमच्या नकाशात त्या वळणापुढे चौदा. मी शेरा मारला, "स्थळ जुळत नाही", आणि फाइल परत केली. त्यांनी पुन्हा पाठवली, पुन्हा अकरा. मी पुन्हा परत केली. तिसऱ्यांदा त्यांचा माणूस स्वतः आला आणि म्हणाला, "काका, तुम्हाला माहितीय ना हे तेच वळण आहे?" मी म्हणालो, "मला काय माहितीय त्याला किंमत नाही. कागदावर जुळलं पाहिजे." वर त्याला चहाही पाजला. मी नाकावर माशी बसू देत नाही, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

आमचं खातं म्हणत होतं, ते चर बुजवत नाहीत तोवर कठडा कसा बसवणार. ते म्हणत होते, कठड्याचे खांब कळत नाहीत तोवर केबल कशी टाकणार. चर सात महिने उघडा राहिला. मला माहीत होतं, धाकटे. बसच्या खिडकीतून मी तो दर आठवड्याला पाहत होतो.

आणि अजून एक. दूधवाल्याला फोनवर विचारलं, कुठे आहात? त्याने जवळच्या पिवळ्या खांबावरचा आकडा वाचला होता, तो सांगितला. अकरा. अँब्युलन्स आमच्या पांढऱ्या अकराव्या दगडापाशी जाऊन थांबली. चालक आणि नर्स बॅटरी घेऊन पस्तीस मिनिटं उतारावर मास्तरला शोधत होते. तीन किलोमीटर अलीकडे. चांगली माणसं होती, हाका मारत होती. डॉक्टरांचा अर्धा तास तिथे गेला.

हे मला तिसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं. साऱ्या खात्यात एकच माणूस होता, ज्याला चौदा आणि अकरा एकच आहेत हे कागदोपत्री माहीत होतं. त्याने ते तीनदा वाचलं होतं. चौथ्या आठवड्यात तू दारात विचारलंस, आणि तो नाही म्हणाला.

सुनावणी तेराला आहे. तुझ्याआधी मी हे दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. तुला ते तिकडून ऐकू येण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढीच इच्छा.

दादा


१४ मार्च

धाकटे,

सुनावणी झाली. नगरपालिकेच्या सभागृहात होती. पंखे चालू केले की माइक बंद पडायचा, म्हणून सगळे घाम पुसत बसले होते. आयोगाच्या अध्यक्ष एक बाई आहेत, बारीक चणीच्या, आवाज चढवत नाहीत. त्यांनी भिंतीवर आपल्या वळणाचा फोटो लावला आणि विचारलं, "हे वळण कोणाचं?"

आमचे साहेब म्हणाले, रस्ता आमचा, चर त्यांचा. केबल कंपनीचा अधिकारी म्हणाला, चर आमचा, पण परवानगी यांची, आणि तसंही त्या पट्ट्यात आमचं एकही गिऱ्हाईक नाही, तिथे टॉवर लावून आम्ही कोणाला विकणार? नगराध्यक्ष म्हणाले, हद्द आमची नाही. आरोग्यवाले म्हणाले, आम्हाला जो आकडा सांगितला तिथे आम्ही गेलो. प्रत्येक जण खरं बोलत होता, हीच तर गंमत. बाई म्हणाल्या, "म्हणजे वळण कोणाचंच नाही, असं लिहू?"

मी रजिस्टर पिशवीत घालून आणलं होतं. कोरडं ठणठणीत. ते घेऊन उभा राहिलो. मी म्हणालो, "माझं आहे, बाई. तीनदा माझ्या टेबलावर आलं होतं."

साहेबांनी मागून माझा शर्ट ओढला. शिवण उसवली, तू असतीस तर दोन मिनिटांत घालून दिली असतीस.

बाईंनी रजिस्टर पाहिलं. "दोन्ही जागा एकच आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"शून्य बदलायचा अधिकार मला नव्हता."

"कोणाला होता?"

मी म्हणालो, "कोणालाच नव्हता, बाई. त्यांचं शून्य त्यांच्या अंगणात, आमचं आमच्या अंगणात. आपसात बसून मिटवा म्हणून सोडून दिलं, तर आम्ही आणखी शंभर वर्षं असेच शेरे मारू. कंपनी जिथे गिऱ्हाईक तिथे जाईल, वळणावर गिऱ्हाईक नाही, वळणावर फक्त माणसं पडतात. साऱ्या देशाचं शून्य एकच, हे सरकारनेच ठोकून सांगायला हवं. आणि सांगून गप्प बसायचं नाही, झालं का म्हणून विचारत राहायला हवं."

बाई म्हणाल्या, "त्या खिडकीत सरकार म्हणून कोण बसलं होतं?"

मी म्हणालो, "मी." मग मी सांगितलं, की अधिकार नव्हता हे अर्धंच खरं आहे. मी वर एक चिठ्ठी लिहू शकलो असतो. चार ओळींची. ती लिहिली नाही, कारण तसा नमुना नव्हता. आणि हेही सांगितलं, की जो गेला तो माझ्या बहिणीचा नवरा होता, आणि बहिणीने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. हे त्यांनी विचारलं नव्हतं. पण ते माझ्या तोंडून बाहेर पडलं.

त्यांनी माझं सांत्वन वगैरे केलं नाही. सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "बसा." घरी येऊन मी चौकटीला टेकून कितीतरी वेळ बसलो. साहेब आता माझ्याशी बोलत नाहीत. ऑफिसात मी कॅन्टीनला एकटा जातो. तुझ्या न बोलण्याची मला सवय आहे, त्यामुळे साहेबांचं काहीच वाटत नाही.

दादा


३० ऑगस्ट

धाकटे,

सगळ्यात आधी, काल सकाळी जे झालं त्याबद्दल माफ कर. मला तसं करायचं नव्हतं. कसं झालं ते लिहितो.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात राजधानीतून आदेश आला. देशभरात रस्ता, केबल, वीज, अँब्युलन्स, सगळ्यांचे आकडे एकाच शून्यापासून. पिवळे खांब काढायचे, दगड एकच. रस्ता होतानाच केबल खाली जाईल. चर ज्याने उघडला त्यानेच संध्याकाळच्या आत बुजवायचा. जिथे कंपनीला गिऱ्हाईक नाही, तिथला टॉवर सरकार लावेल. आणि जिथे वळण धोक्याचं, तिथे खांबावर फोन. प्रत्येक जिल्ह्यात या सगळ्याला एकच अधिकारी, आणि कुठे काही अडलं तर त्याचं नाव छापून येणार. खालच्या कोपऱ्यात बाईंनी हाताने एक ओळ लिहून पाठवली होती. जुने आकडे ज्यांना माहीत आहेत, त्यांना दगड बसवताना बोलवा. म्हणून मी महिनाभर या रस्त्यावर पोरांसारखा उन्हापावसात फिरतोय. अंग काळं पडलंय आणि भूक चांगली लागते. कठडा बसला. मास्तरच्या शाळेत इंटरनेट पोहोचलं. नवीन मास्तरीणबाई शनिवारी आता घरीच असतात.

काल वळणावरचा फोन सुरू करायचा होता. हेल्मेट घातलेली एक मुलगी खांबावर चढून सगळं जोडून खाली उतरली. नियंत्रण कक्षाला फोन लागला. मग ती म्हणाली, "काका, बाहेरच्या एका नंबरवर लावून बघायचंय. कोणाचाही चालेल, लांबचा असला तर उत्तम." मला एकच नंबर पाठ आहे.

दुसरी घंटा वाजता वाजता तू उचललास. मागे मशीन चालू होतं. तुझा "हॅलो" ऐकला आणि मी सगळं विसरलो. मुलगी समोरच्या पाटीकडे बोट दाखवत होती. त्यावर चाचणीचं वाक्य छापलेलं आहे, आणि वाचायची सवय एकतीस वर्षांची. मी वाचलं. "मी दगड क्रमांक चौदावरून बोलतोय. मदत हवी आहे."

शेवटचा शब्द तोंडातून गेला तेव्हा मला समजलं, मी काय वाचलं आणि कोणाला. त्या संध्याकाळी उताराखाली हातात मोबाइल धरून मास्तरला एवढंच बोलायचं होतं. त्याने तुलाच फोन लावला असता.

मशीन थांबलं. तू म्हणालीस, "कुणाला लागलंय, दादा?"

मी म्हणालो, "कुणालाच नाही गं. चाचणी आहे." एक ट्रक वळण घेऊन गेला, तो तुलाही ऐकू आला असेल. मला वाटलं, आता ठेवशील. तू ठेवला नाहीस. बऱ्याच वेळाने विचारलंस, "चौदा म्हणजे आता चौदाच ना?"

मी म्हणालो, "हो. सगळ्यांसाठी."

म्हणजे खणातली पत्रं तू वाचलीस. चौदा आणि अकराचं मी तुला पत्रातच लिहिलं होतं. हेल्मेटवाल्या मुलीने माझ्या हातात कागद दिला, त्यावर प्रश्न होता, आवाज पोहोचला का. मी हो लिहिलं आणि सही केली. माझ्या सहीचा मला बऱ्याच वर्षांनी राग आला नाही.

तू माफ केलंस असं मी समजत नाही. तसं काही तू म्हणाली नाहीस आणि मी विचारणारही नाही. फक्त एक काम कर. भाचीला तिकडे एखाद्या दाराशी उभं कर, तिची उंची मोज आणि मला कळव, मी इथे चौकटीवर खूण करतो. जमिनीपासून मोज. नाही तर राहू दे, उंबरठ्यावरच उभं कर. मास्तर तसंच मोजायचा.

दादा